विलायतेचं सरकार, अंबडचं शेड

सर, तुमच्या शोकसभेत आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो, खाली बसलो, आणि त्याच बैठकीत निवाऱ्याचे तुमचे नियम मंजूर झाले. खुर्च्या सरकवल्याचा आवाजसुद्धा अजून थांबला नव्हता. अन्नछत्राचे अध्यक्ष रुमालाने डोळे पुसत म्हणाले, "सरांची शेवटची इच्छा समजून हात वर करा." सगळ्यांचे हात वर गेले. माझा गेला नाही. तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू तुमच्या फोटोचा हार मीच ओढून काढला होता.

आता स्मरणिकेसाठी त्यांनी मला लेख मागितलाय. "मॅडम, तुम्ही सरांच्या जुन्या विद्यार्थिनी, दोन शब्द चांगले लिहा." चांगले शब्द माझ्याकडे पुष्कळ आहेत, सर. पण आधी आपलं भांडण पुरं करू द्या. ते तुम्ही मधेच टाकून गेलात, आणि मधेच सोडून द्यायची सवय तुम्ही मला लावलेली नाही. लेख छापला नाही तरी चालेल. तो तुमच्यासाठी आहे, अध्यक्षांसाठी नाही.

तुम्ही आम्हाला इंग्लंडचा इतिहास शिकवायचात. शिकवायचात कसला, उतरवून द्यायचात. हात पाठीमागे बांधून बाकांमधून फिरायचं आणि एका चालीत सांगत जायचं. कारणे, स्वरूप, परिणाम. स्वल्पविरामसुद्धा तोंडाने सांगायचात. "पूर्णविराम. नवा परिच्छेद." आम्ही माना खाली घालून लिहायचो. तुमच्या नोट्सची झेरॉक्स पार नांदगावपर्यंत जायची, आणि तुमचं तोंडही न पाहिलेली मुलं तुमच्या वाक्यांवर पास व्हायची. मी पुढे शाळेत शिकवायला लागले, शिकवता शिकवता निवृत्त झाले, तरी घरी चार ओळींचं पत्र लिहायला बसले की डोक्यात कुणीतरी म्हणायचं, नवा परिच्छेद.

आणि तुमचं लाडकं प्रकरण म्हणजे ती अठरा वर्षांची पोर राणी झाली तेव्हाचं विलायतेचं सरकार. तिला कारभार समजावून सांगणारा तो कंटाळलेला, मिश्कील म्हातारा प्रधान, आणि त्याच्या भोवतीचं ते सुधारणेचं वेड लागलेलं मंडळ. त्यांचं कौतुक करताना तुमचा आवाज बदलायचा. त्याच मंडळींनी आगेमागे चार-चार वर्षांत गुलामगिरी बंद केली, गिरणीतल्या पोरांचे तास कमी केले, कारखान्यांवर इन्स्पेक्टर नेमले. एका पेनीत देशाच्या ह्या टोकाचं पत्र त्या टोकाला जायला लागलं. "लिहा," तुम्ही म्हणायचात, "राज्यकर्त्यांना प्रथमच लाज वाटू लागली. पूर्णविराम."

मग यायचा गरिबांचा कायदा. तेव्हाही मला तो आवडला नव्हता. आधी गावातल्या लुळ्यापांगळ्याला, म्हाताऱ्याला घरबसल्या भाकरी मिळायची. ह्या सुधारकांनी चौकशी समिती नेमली, समितीने अहवाल दिला, आणि ठरलं की घरी बसून काही मिळायचं नाही. हवं असेल त्याने गरीबखान्यात यावं. तिथे नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला, मुलं तिसरीकडे. कपडे सगळ्यांना सारखे. बाहेर जायचं तर परवानगी. आणि आतलं जिणं मुद्दाम असं ठेवायचं की बाहेर मरमर राबणाऱ्याचं जिणं त्यापुढे बरं वाटावं. म्हणजे मग खरा गरजू तेवढाच येईल. एका गावात तर आतल्या लोकांना खतासाठी हाडं फोडायला बसवलं होतं, आणि ते भुकेने त्या हाडांतला मगज चोखून खात होते. हे तुम्हीच सांगितलंत, सर. आणि तुम्ही म्हणालात, "नवा परिच्छेद."

मी हात वर करून विचारलं होतं, "सर, मग हे सरकार चांगलं की वाईट?" तुम्ही चष्म्यावरून बघून म्हणालात, "दहा मार्कांचा प्रश्न आहे, एका शब्दात काय विचारतेस?" तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते तुम्ही हॉस्पिटलात डोळे मिटेपर्यंत चाललं. लग्नाच्या मांडवात, भाजीबाजारात, तुमच्या स्कूटरवर मागे बसून सिग्नलला थांबल्यावर. काकू म्हणायच्या, ह्या दोघांना त्या मेलेल्या गोऱ्यांशिवाय दुसरं काही सुचतच नाही.

"गुलामगिरी कुणी बंद केली?" असं तुम्ही म्हणायचात.

"आणि म्हाताऱ्या नवराबायकोत भिंत कुणी घातली?"

"ती पुढे काढली ना. बारा-तेरा वर्षांत कायदा दुरुस्त झाला. साठीच्या पुढच्या जोडप्याला एकत्र राहू द्या म्हणाले. सुधारणेचीही सुधारणा होते, सुनंदा. हेच तर त्यांचं मोठेपण."

"तोवर जे मेले त्यांचं काय?"

"इतिहास अशी एकेकाची विचारपूस करत बसत नाही."

हे वाक्य मला कधीच पटलं नाही, कारण तुम्ही स्वतः तसे नव्हता. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला वडिलांनी माझं लग्न ठरवलं, तेव्हा तुम्ही एस.टी.ने नांदगावला आलात आणि आमच्या दुकानात ज्वारीच्या पोत्यावर बसून राहिलात. वडिलांनी चहा मागवला, तर म्हणालात, "परीक्षेचं काय ते सांगा, मग घेतो." गिऱ्हाइकं येत होती, जात होती, तुमच्या पँटला भुसा लागला होता, चहावर साय आली होती. शेवटी वडीलच कंटाळून म्हणाले, "बरं मास्तर, होऊ द्या परीक्षा." तुम्ही तो गार चहा एका घोटात संपवलात. मी आतल्या दाराआडून बघत होते. सर, मी जे काही झाले ते त्या पोत्यामुळे. एका पोरीची विचारपूस करायला तुम्ही दिवस घालवलात, आणि हेच तुम्ही वर्गात मात्र कधी शिकवलं नाहीत.

निवृत्तीनंतर तुम्हीच मला पंचवटीतल्या त्या अन्नछत्राच्या कामाला ओढलंत. "घरी बसून सुनेशी भांडण्यापेक्षा तिथे येऊन माझ्याशी भांड." छोटंसं काम होतं. बाजाराच्या मागे एक स्वयंपाकघर, त्याला रस्त्याकडे उघडणारी एक मोठी खिडकी. दुपारी खिडकी उघडली की ज्याला भूक असेल त्याने यायचं. नाव नाही, गाव नाही. कुणी थाळी घेऊन पायरीवर बसायचं, कुणी डब्यात भरून न्यायचं. पोळी, भाजी, वरण-भात. सणावाराला शिरा.

सोमाबाबा आणि चिमाबाई तिथेच ओळखीचे झाले. हरसूलकडचे दोघं, तरणेपणी शहरात आले. बाबांनी सगळा जन्म बाजारात भाजीच्या पाट्या वाहिल्या, आता मान उचलत नाही. चिमाबाईंची नजर गेली. मूलबाळ नाही, एका दुकानाच्या पडवीत झोपायचे. बाबा तिला हाताला धरून आणायचे, पायरीवर बसवायचे आणि एकाच ताटात दोघं जेवायची. पहिला घास तिचा. एकदा तुम्ही मला कोपर मारून म्हणालात, "बघ सुनंदा, असं लग्न मला जमलं नाही. तुझ्या काकूला मी एकदाही घास भरवला नाही." हे मी काकूंना अजून सांगितलेलं नाही. आता सांगेन.

मग गेल्या वर्षी तक्रारी सुरू झाल्या. दुकानदार म्हणाले, खिडकीपुढे गर्दी होते, खरकटं पडतं. कुणीतरी म्हणालं, दारुडे इथे जेवतात आणि जवळचे पैसे गुत्त्यावर उडवतात. अध्यक्ष म्हणाले, कुंभमेळा जवळ येतोय, बाहेरगावचे लोक काय म्हणतील? अध्यक्ष वाईट माणूस नाहीत. अंबडला, शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्यांचा कारखाना आहे, आणि शेजारचं एक बंद पडलेलं शेड त्यांनी बेघरांच्या निवाऱ्यासाठी मोकळं करून दिलं. स्वतः उभं राहून रंग लावून घेतला. दोन मोठे हॉल, मधे भिंत, पाण्याची टाकी, पुढे अंगण, फाटक. खिडक्या तेवढ्या वर, छताजवळ, कारखान्याला असतात तशा. सगळे खूश. "रस्त्यावर भीक घातल्यासारखं वाढण्यापेक्षा माणसाला छप्पर देऊ," असं तुम्ही म्हणालात, आणि ऐकायला ते किती बरोबर वाटत होतं.

नियम तुम्ही करायचे, मी लिहून घ्यायचे, असं ठरलं. अध्यक्षांच्या ऑफिसात रविवारी सकाळी बसलो. तुम्ही उठलात, हात पाठीमागे बांधलेत आणि टेबलाभोवती फिरायला लागलात. मला हसू आलं. इतक्या वर्षांनी पुन्हा तीच चाल, आणि माझी मान आपोआप खाली गेली.

"एक. प्रत्येक निराधार व्यक्तीस निवारा, अन्न व वस्त्र देण्यात येईल. पूर्णविराम. दोन. अन्न केवळ निवाऱ्यात राहणाऱ्यांसच मिळेल, स्वल्पविराम, बाहेर वाटप होणार नाही. पूर्णविराम. तीन. स्त्रिया आणि पुरुष..."

तुम्ही खिडकीशी जरा थांबलात. आणि माझा हात थांबला नाही, सर. माझ्या हाताने पुढचं लिहून टाकलं. 'यांची राहण्याची व जेवणाची सोय स्वतंत्र राहील. पती-पत्नी यास अपवाद नसतील.' शाई वाळायच्या आत तुम्ही वळलात आणि अक्षर न् अक्षर तेच बोललात.

तुम्ही पुढे सांगत होता आणि मी ऐकून लिहीत नव्हते, आठवून लिहीत होते. परवानगीशिवाय बाहेर जाता येणार नाही. एकदा सोडून गेलेल्यास पुन्हा प्रवेश नाही. जो आत येण्यास तयार नाही, तो खरा गरजू नाही असे समजावे. बाकावर बसून हेच सगळं मी तुमच्याकडून उतरवून घेतलं होतं. विलायतेच्या त्या गरीबखान्याचे नियम तुम्ही पंचवीस-तीस वर्षं वर्गात सांगत आलात, ते सांगून सांगून तुमच्या जिभेवर इतके बसले की अंबडच्या शेडसाठी नियम करा म्हटल्यावर तेच बाहेर आले. आणि तुम्हाला पत्ता नव्हता. अध्यक्ष म्हणाले, "वा सर, काय मुद्देसूद." तुम्ही लाजलात.

जिना उतरताना मी सांगितलं. तुम्ही आधी हसलात, "काहीतरीच काय." मग स्कूटरला किल्ली लावून तसेच उभे राहिलात. तुमचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, आता म्हणतील, चल वर, फाडून टाकू. पण तुम्ही रागावलात.

"मग त्यात चुकीचं काय आहे? शिस्त नको? बायकांची सुरक्षितता नको?"

"सोमाबाबा आणि चिमाबाईंचं काय?"

"त्यांच्यासाठी काही करता येईल पुढे. आधी सुरू तर होऊ दे. चुकलं तर दुरुस्त करू."

"किती वर्षांनी? बारा-तेरा?"

तुम्ही स्कूटर चालू केलीत. मला बस म्हणाला नाहीत. मी रिक्षाने आले. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

नंतर बोलणं झालं, नाही असं नाही. पण त्या विषयाला दोघांनीही हात लावला नाही. नियमांची पक्की प्रत मी करायची होती, ती मी करत नव्हते, आणि तुम्ही विचारत नव्हता. मला वाटत होतं की तुम्ही मनातून तयार होताय. तुम्हाला वाटत असेल की मी होतेय. मग तुमचं ते दुखणं निघालं, आणि महिनाभरात सगळं आटोपलंच.

हॉस्पिटलात शेवटचं भेटले तेव्हा काकू खाली औषधं आणायला गेल्या होत्या. तुम्ही मास्क बाजूला करून विचारलंत, "पक्की प्रत केलीस?" मी म्हटलं, "नाही." "हट्टी आहेस." "तुमचीच विद्यार्थिनी." तुम्ही हसलात, खोकला आला. मग म्हणालात, "त्या लोकांचा हेतू चांगला होता गं." मी म्हटलं, "हो सर, हेतू चांगलाच होता. म्हणून तर भीती वाटते." तुम्ही मास्क आणखी बाजूला सारलात. काहीतरी म्हणणार होता. नर्स आली, तिने मास्क नीट बसवला आणि मला बाहेर काढलं.

काय म्हणणार होता, सर? मी रोज त्या वाक्याचा पुढचा भाग लिहून बघते, पण हे माझ्या हाताला येत नाही.

मी प्रत केली नाही, म्हणून काही अडलं नाही. माझा कच्चा कागद अध्यक्षांच्या मुलाने मोबाइलवर फोटो काढून टाइप करून घेतला. सभेत मी म्हटलं, तिसरा नियम बदला, निदान म्हाताऱ्या जोडप्यांना सूट द्या. अध्यक्ष हळुवारपणे म्हणाले, "मॅडम, सर असते तर बदललं असतं. आता त्यांच्या शब्दाला आपण कसा हात लावायचा?" तुम्ही मला समजावायचात की चुकलं तर दुरुस्त करू. दुरुस्त करणारे तुम्ही एकटेच होता हो. तुम्ही गेलात आणि ते नियम पक्के झाले. आणखी दोन ठिकाणच्या मंडळींनी त्यांची प्रत मागवून नेली आहे. खूप छान आणि मुद्देसूद आहेत म्हणे.

महिना संपला आणि खिडकीला कुलूप लागलं. दुकानदारांनी पेढे वाटले. पंचवटीतला रस्ता आता अगदी स्वच्छ असतो. ती सगळी माणसं कुठे गेली ते कुणी विचारत नाही. निवाऱ्यात जेमतेम निम्मी आली. अध्यक्ष खूश आहेत. म्हणतात, बघा, बाकीच्यांना गरज नव्हतीच.

गुरुवारी मी पोळ्या-भाजीचा डबा घेऊन सिटी बसने अंबडला गेले. म्हटलं, सोमाबाबा आणि चिमाबाईंना बघून येऊ. चिमाबाई आत दिसल्या. बायकांच्या बाजूच्या ओट्यावर बसल्या होत्या, अंगावर सगळ्यांसारखी हिरवी साडी, तेल लावून वेणी घातलेली. पोरी चांगल्या ठेवल्यात तिथे कामाला, मायेने करतात, खोटं कशाला बोलू. बाबा आत नव्हते. ते फाटकाबाहेर भिंतीला टेकून बसले होते. गालफडं बसली होती.

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही आत नाही गेलात?"

"तिला घातली आत. तिला खायला मिळतं, निजायला मिळतं. लय बेस हाय."

"आणि तुम्ही?"

"म्या आत गेलो तर मधी भिंत हाय, बाई. पल्याड ती पडली का, जेवली का, काय दिसतंय? हितून फाटकातून ओटा दिसतो. म्या खाकरलो का तिला कळतं, म्हातारा हाय म्हणून."

"जेवता कुठे?"

"मिळतं कायतरी."

मिळत नव्हतं, ते दिसतच होतं. मी डबा काढला, झाकण उघडलं. बाबांनी आधी फाटकाकडे बघितलं. आतला वॉचमन आमच्याकडेच बघत होता. बाबांनी डबा माझ्याकडे सरकवला.

"नको बाई. ह्याला भाईर खायाला मिळतंय असं त्यांनी धरलं, तर तिलाबी म्हणतील, जा तुझ्या नवऱ्याकडं, त्यो पोसंल तुला."

"असा नियम नाही, बाबा. मी सगळे नियम लिहिलेत. असा एकही नाही."

"नाय ना?" सोमाबाबा म्हणाले. त्यांनी झाकण स्वतःच दाबून लावलं आणि पिशवी माझ्या हातात दिली. "मंग त्योबी होईल."

मी पिशवी घेतली, सर. भरला डबा तसाच घेऊन परतीच्या बसमध्ये बसले.